गालिच्यावर सांडलेले पाणी

लातूर जिल्हा होऊन चौथे वर्ष चालू होते आणि पावसाने लागोपाठ दुसऱ्यांदा तोंड फिरवले होते. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या शेषेरावांच्या हाती गल्लीने टँकरची यादी सोपवली होती. दर घरामागे चार घागरी. लहानपणी शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यात ते आईबरोबर विहिरीपासून लांब उभे राहत. कुणी वरून ओतेल तेवढेच पाणी. त्यामुळे या यादीचा त्यांना फार अभिमान.

शेजारच्या चांदबीची लेक साबेरा बाळंत झाली तेव्हा चांदबीने दोन घागरी जास्त मागितल्या. "नियम सगळ्यांना सारखा," शेषेराव म्हणाले. ती रिकामी घागर उचलून गेली.

बायको माहेरी मुखेडला, म्हणजे चार घागरी एकट्या शेषेरावांना. त्यातले पाणी साठवून ते दर आठवड्याला माशांच्या काचेच्या टाकीतले पाणी बदलत. मासे देऊन टाकले, असे त्यांनी गल्लीत सांगितले होते. टाकी बैठकीच्या खोलीत, पडद्याआड होती. खाली हौसेने घेतलेला गालिचा.

त्या रविवारी त्यांनी टाकीत नळी सोडली, तोंडाने ओढून पाणी आणले आणि दुसरे टोक बादलीत टाकले. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की गल्लीत कुणी दुसरे काही ऐकत नसे. शेषेराव घागरी उचलून धावले. नळी तशीच वाहत राहिली.

तासाभराने चांदबी आणि ते बरोबरच परतले, तर त्यांच्या दाराखालून पाणी वाहत तिच्या उंबऱ्यापर्यंत आले होते.

"साहेब, घागर फुटली का काय घरात?"

त्यांनी दार उघडले. बादली कधीच भरून गेली होती. टाकीच्या तळाशी चार बोटे पाण्यात पाच मासे तळमळत होते. शेषेराव टॉवेल घेऊन गालिचा खसाखसा घासू लागले.

"घासू नका! घाण आत बसती. दाबा, पायानं दाबा." चांदबीचे वडील उदगीरला सतरंज्या दुरुस्त करत. तिने घरातली जुनी लुगडी आणली, अंथरली, त्यावर उभी राहिली आणि पिळून पाणी बादलीत घेतले. मग दोघांनी गालिचा उचलून सावलीत दोन बाजांवर आडवा टाकला, खालूनही वारा लागावा म्हणून. "उन्हात टाकला तर रंग उडतो. वाळला की खायचा सोडा भुरभुरा, वास जाईल. आन् नळी बादलीच्या कडीला दोरीनं बांधत जा, पाणी पडतंय तवर हलू नका."

समोरच्या घराच्या ओसरीतून पारूमावशी ओरडल्या, "चांदबी, कशाचं पाणी गं?"

"साहेबांची घागर निसटली, मावशी."

शेषेराव बाजेवरचा गालिचा सारखा करू लागले. चांदबीने पिळलेल्या गढूळ पाण्याच्या बादलीकडे पाहिले.

"हे नेऊ का? साबेराच्या बाळाचे लंगोट धुवायचेत. एक पाणी तरी होईल."

त्यांना मान वर करता आली नाही. त्यांनी नुकतीच भरलेली घागर तिच्यापुढे सरकवली. तिने ती परत सरकवली. "मासे मरतील, साहेब. मला द्यायचं तर यादीत लिहून द्या."

पुढच्या टँकरला शेषेरावांनी यादी उघडली, पण नावे पुकारली नाहीत.

"त्या दिवशी घागर निसटली नव्हती," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "माशांच्या टाकीचं पाणी होतं. मासे मी दिलेच नव्हते. घरात मी एकटा आहे, मला दोन घागरी पुष्कळ. उरलेल्या दोन चांदबीच्या."

मग पारूमावशींनी घागर कमरेवर घेतली. "म्हंजे आम्ही आठ-आठ दिस बिनआंघोळीचे, आन् साहेबांचे मासे नवं पाणी घेऊन राहिले!"

रांग खो-खो हसली. शेषेराव कानापर्यंत तापले, पण हलले नाहीत. चांदबीने सहावी घागर भरली आणि जाताना हळूच विचारले,

"नळीला दोरी बांधली का?"

"बांधली."

"आन् टाकीतलं जुनं पाणी?"

"तुमच्या दारात ठेवीन," शेषेराव यादीकडे बघतच म्हणाले, "लंगोटांना."