घोडा काढा, शेळी घाला

मागच्या माघात माझं लग्न झालं. माझं म्हणजे माझंच. लेकीचं होऊन पंधरा वर्षं झाली, आणि हे सगळं जमवलं तिनंच. मी साठीला दोन कमी. गल्लीत कुणी विचारलं, "आजी, लगीन कुणाचं हाय?" तर मी म्हणायची, "आजीचंच!" पोरं आधी हसायची, मग माझ्या तोंडाकडं बघून गप्प व्हायची.

माझे पहिले मालक जाऊन सात वर्षं झाली. शेत आमचं दोन एकर, पण त्यांचा जीव शेळ्यांत. वीस-पंचवीस शेळ्या, आणि प्रत्येकीशी वेगळं बोलणं. भाकरीचा काठ शेळीसाठी म्हणून खिशात टाकायचे. सदरा धुवायच्या आधी मला खिसा झाडावा लागायचा. एका सकाळी छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकले, ते टेकलेच. त्यानंतर मी एकटी राहिले, पण गप्प नाही राहिले. माझं तोंड बारा महिने चालणारं. दळण न्यायला गेले तरी दर चार वाक्यांना "आमचे मालक म्हणायचे..." लोक कंटाळले असतील. मी नाही कंटाळले.

आता पाहुण्यांचं सांगते. पाहुणे म्हणजे माझे आताचे मालक. लग्न झालं तरी तोंडातून पाहुणेच निघतं. ते पूर्णेचे, लेकीच्या सासरच्या नात्यातले. रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर होते, आता रिटायर झालेत. त्यांची बायको लय दिवस आजारी राहून गेली. दोन वर्षं तिचं सगळं त्यांनीच केलं, वेणीसुद्धा घालायचे, असं लेकीनं मला सांगितलं. पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या पिंगळी स्टेशनला गाडीतून उतरून घरापर्यंत चालत आले. हातात कोबीचा गड्डा.

"तुमच्या मळ्यातला हाय का?" मी विचारलं.

"न्हाई. बाजारातला. ताजा दिसला."

एवढं बोलून तासभर बसले. मीच बोलत राहिले. उठताना म्हणाले, "बरं वाटलं. घरी आवाजच नसतोय." मग येतच राहिले, कधी कोबी, कधी मेथीची जुडी. मला माणूस आवडला. या वयात असं म्हणायची लाज वाटायला पाहिजे, पण नाही वाटली.

बोलणी करायला त्यांची थोरली बहीण आली. बाई कडक. माझ्या घराचे कोपरे बघत बघतच बसली.

"आमच्यात रीत हाय, वैनी. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा."

टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर गेलेल्या माणसाची आकृती उठवलेली असते. सणासुदीला, अमावस्येला आधी तिला निवद, मग आपलं ताट.

मी म्हणलं, "बांधते की! ती आधीची, मी मागून आलेली. मान तिचाच."

बाई खूश झाली. बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "आन एक. तिकडं आल्यावर इकडच्या माणसाचं काही काढायचं न्हाई. बाईनं मागचं मागं ठेवून यावं. चारचौघांत बरं दिसत न्हाई."

मी मान हलवली. ती गेल्यावर कपबशा विसळायला बसले, तेव्हा ध्यानात आलं. म्हणजे त्यांची बाई मी गळ्यात बांधून फिरायची, आणि माझा माणूस तोंडातसुद्धा आणायचा नाही! लगेच लेकीला फोन लावला.

"मोडून टाक बाई हे लगीन. मला न्हाई जमायचं."

"माय, एवढ्यावरून?"

"एवढं न्हाई ते. मी त्यांचं बोलायची थांबले तर ते पुरते मरतील गं."

लेकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे पाहुण्याला सांग. तू काय नणंदेसंगं लगीन करायलीस का?"

शनिवारी पाहुणे आले. मी पाणीसुद्धा द्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं. "गप्प राहायचं वचन मला देता यायचं न्हाई," म्हणलं. "आत्ताच काय ते बोला."

त्यांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या. मग म्हणाले, "टाक करायला सोनाराकडं जायचंच हाय. तुमी बी चला."

हे काय उत्तर झालं? परभणीपर्यंत ऑटोत मी एक शब्द बोलले नाही. जन्मात पहिल्यांदा.

सराफ्यातल्या दुकानात बसल्यावर पाहुणे म्हणाले, "एक टाक बाईचा. आन एक गड्याचा."

"देव्हाऱ्यात ठेवायला का?" सोनारानं विचारलं.

"न्हाई. बाईचा ह्या बांधतील. गड्याचा मी."

सोनारानं चष्मा कपाळावर सरकवला. "तुमच्या गळ्यात? तो गडी कोण लागतो तुमचा?"

पाहुण्यांनी जरा विचार केला. "ह्यांचे मालक."

"अहो, अशी रीत न्हाई कुठं."

"एकीला निवद द्यायचा, आन दुसऱ्याला उपाशी ठेवायचं व्हय?"

मी पदर तोंडाला लावला. सोनारानं मुकाट्यानं गड्याचा ठसा काढून दाखवला. त्यावर घोड्यावर बसलेला शूर वीर, हातात तलवार. रडू येणार होतं, तिथं मला हसूच फुटलं.

"अहो, आमच्या मालकांना लग्नात घोड्यावर बसवलं होतं, तर मांडवापर्यंत घोड्याच्या मानेला मिठी मारून आले!"

पाहुणे हसले नाहीत. सोनाराला म्हणाले, "घोडा काढा, शेळी घाला."

"शेळीचा ठसा न्हाई माझ्याकडं."

"मग हातानं काढा. आमी बसतो."

बसलो दोन तास. पहिली शेळी कुत्र्यासारखी झाली. मी म्हणलं, "कान लोंबते करा, त्यांची लाडकी शेळी उस्मानाबादी जातीची होती." मग ती कोणाच्या शेतात घुसायची, मालक तिला कसे शिव्या द्यायचे आणि मग लाडानं कसे बोलवायचे, ते सगळं सांगत बसले. सोनाराचा हात सारखा थांबायचा. पाहुणे त्याला म्हणायचे, "तुमी कोरा," आणि मला, "तुमी सांगा." तिथंच, त्या गादीवर, माझं लग्न ठरलं म्हणा.

लग्न लेकीच्या अंगणात, भर दुपारी. वीस-बावीस माणसं, वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी. जावयानं अंतरपाट धरला. मंगळसूत्र झालं, मी बाईचा टाक बांधला, आणि पाहुणे माझ्यापुढं मान वाकवून उभे राहिले. काळ्या दोऱ्याची गाठ मला लवकर बसेना.

बहीण पुढं आली. "हे काय रं गळ्यात?"

"अक्का, ह्यांचे मालक हायेत."

"आन हे जनावर?"

"त्यांचंच हाय."

अंगणभर हशा पिकला. अक्का तोंड फिरवून उभी राहिली, पण खांदे तिचेही हलत होते. लेक मात्र हसली नाही. पाहुण्यांच्या गळ्यातला टाक तिनं बोटानं सरळ केला आणि म्हणाली, "आमच्या बापाला बी नीट न्या."

पूर्णेला पहिल्या अमावस्येला मी दोघांसाठी निवद करायला बसले. मालकांचं मला ठाऊक होतं. म्हणून पाहुण्यांना विचारलं, "बाईंना काय आवडायचं?"

"वरणातल्या चकोल्या," ते म्हणाले. "पण तिला कधी नीट जमल्या न्हाईत. एकदा तर..." आणि हा कोबी देऊन तासभर गप्प बसणारा माणूस बोलायला लागला. चकोल्यांवरून तिच्या माहेरावर गेला, तिथून तिच्या रागावर, तिथून दवाखान्यातल्या खिडकीवर. ताटातलं वरण निवलं. मी मधे एवढंच म्हणत होते, "मग?"