वहिनीचं जर्मन

आमच्या वारूळवाडीत माहेरी आलेल्या लेकीनं पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलायचा नसतो. माझं तर लग्नच झालेलं नाही, तरी एम. ए.ला पुण्यात राहायला गेल्यापासून घरात माझी गणना माहेरवाशिणीत व्हायला लागली. शनिवारी दुपारी नारायणगावच्या स्टँडवर उतरायचं, भावाच्या मोटरसायकलवर घरी यायचं आणि ओट्यावर पुस्तकं पसरून बसायचं. वहिनी चहा आणून द्यायची आणि थोड्या वेळानं येऊन कप उचलून न्यायची. "तिला उठवू नका, अभ्यास करतीय," असं आई आल्यागेल्याला सांगायची. अभ्यास मी खरंच करत होते. पण कप धुवायला वेळ मिळू नये, इतका काही तो नव्हता.

अभ्यास जर्मन भाषेचा. शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "जर्मन म्हंजी पातेल्याचं का गं?" आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. वडिलांनी मात्र याचा उपयोग काय, असं एकदाही विचारलं नाही. टोमॅटोचे क्रेट टेम्पोत चढवता चढवता ते कुणालाही सांगायचे, "पोरगी परदेशी भाषा शिकती आमची. लई अवघड असती ती."

विद्यापीठात आम्हाला भाषेबरोबर तिथल्या संस्कृतीचाही पेपर होता. रविवारी तिकडे भिंतीत खिळा ठोकत नाहीत. जेवायला सातला बोलावलं तर सातलाच जायचं. नको असेल तर सरळ नको म्हणायचं, मग समोरचा दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. हे शेवटचं मला वहीत लिहिता आलं, पण पटायला फार वेळ लागला. पहिल्या तोंडी परीक्षेत दिलेल्या विषयावर वाद घालायचा होता. आमच्या प्राध्यापक बाई बरीच वर्षं तिकडे राहून आलेल्या. त्या एकेक विधान करत गेल्या आणि मी प्रत्येकाला "बरोबर आहे तुमचं" म्हणत गेले. मोठ्या माणसाला तोंड वर करून उत्तर द्यायची घरी सवयच नव्हती. परीक्षा संपल्यावर बाई म्हणाल्या, "वागलीस छान. पण मी बोलायला सांगितलं होतं." मार्क अगदीच काठावरचे पडले.

मग मी शिकले. आधी आपलं मत, मग कारण, मग उदाहरण. आणि समोरच्याचं पटलं नाही तर तसं तोंडावर सांगायचं. ते घरी येऊन वडिलांवर वापरून पाहिलं. पुन्हा टोमॅटोच का लावता, यावरून भर जेवणात त्यांच्याशी भांडले. ते हसत सुटले. आठवडाभर सगळ्या आळीत सांगत फिरले, "पुण्याला घातली तर आता मलाच शिकवती राव!" लेकीनं वाद घातला की त्याचं कौतुक होतं. तेच सुनेनं केलं तर काय होईल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

वहिनी घोडेगावची. नर्सिंगचा कोर्स करून लग्नाआधी नोकरीला लागलेली, लग्नानंतरही नारायणगावातल्या एका दवाखान्यात जायची. माझ्या एम. ए.च्या प्रवेशाच्या सुमारास आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. घरात कुणीतरी राहायला हवं होतं. जनावरं होती, तान्ही भाची होती. "मी एक वर्ष थांबू का?" असं मी विचारलं होतं. पण ते अशा आवाजात विचारलं होतं, की "नको" याशिवाय दुसरं उत्तर कुणाला सुचू नये. सगळे "नको, नको" म्हणाले. मी गेले आणि वहिनीनं नोकरी सोडली. आईचा गुडघा बरा झाला, पण वहिनीची नोकरी काही परत सुरू झाली नाही. भाची लहान आहे म्हणून तिनं सोडली, असं घरात म्हणायचे. मीही तसंच म्हणायचे.

पुढे जर्मनीत नर्सेसना मागणी असल्याचं सगळीकडे ऐकू यायला लागलं. वहिनीच्या बरोबरच्या दोघी गेल्या. वहिनीनं मोबाईलवर क्लास लावला, आणि शनिवार-रविवार मी तिची शिकवणी घ्यायला लागले. मला फार बरं वाटत होतं त्यात. आपण काहीतरी परत करतोय, असं. भावाचा विरोध नव्हता. आधी ती जाईल, जम बसला की आपण जाऊ, म्हणायचा. आईला मात्र ते मुळीच मान्य नव्हतं. "लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं?" म्हणायची. चतुर्थीला ओझरला जाऊन आली. गणपतीकडे काय मागितलंस, विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांचं भलं." त्यात वहिनीचं पास होणं धरलेलं नसावं. आणि वरचेवर मला म्हणायची, "ती गेली तर तू ये घरी. तुझं ते जर्मन हितं बसून शिक." मी हसण्यावारी न्यायचे. तोवर माझी पीएच.डी.ची बोलणी झाली होती, विभागात थोडे तास शिकवायलाही मिळणार होते.

वहिनीची गाडी अडली ती तोंडी परीक्षेपाशी, आणि जिथे माझी अडली होती नेमकी तिथेच. दोन उमेदवारांना एकमेकांचं म्हणणं खोडून काढायचं असतं. मी काहीही बोलले तरी वहिनी म्हणायची, "तुमचं बरोबर आहे." शाळेत मोबाईल असावा म्हटलं तरी बरोबर, नसावा म्हटलं तरी बरोबर. नणंदेशी वाद घालायचा तरी कसा? मग मला एक युक्ती सुचली, आणि तिचा मला तेव्हा मोठा अभिमान वाटला. मी म्हटलं, "आईशी वाद घाल. ती मराठीत बोलेल, तू जर्मनमधून खोडून काढ. तिला काही कळणार नाही, मग भीती कसली?"

आईलाही गंमत वाटली. "बोल गं तुझं ते खडखड," म्हणायची. आई म्हणायची, गॅसपेक्षा चुलीवरची भाकरी चांगली. वहिनी जर्मनमध्ये सांगायची, मला तसं वाटत नाही, डोळ्यांत धूर जातो. आई म्हणायची, पोरीला कशाला इतके कपडे. वहिनी म्हणायची, मी सहमत नाही, मुलं वाढतात. हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. बोलताना ती आईच्या डोळ्यांत बघायला लागली. मराठीत तिनं तसं कधी केलं नव्हतं. दर वेळी आई माझ्याकडे वळून विचारायची, "काय म्हणली?" आणि मी जसंच्या तसं सांगायचे. भाकरीवरून कोण रागावतंय?

मग ती दुपार आली. आम्ही तिघी वाटाणे सोलत बसलो होतो. आईनं खेळाच्याच सुरात सुरू केलं, पण विषय वेगळा काढला. "नोकरी सोडली तर काय झालं? खायला-ल्यायला आमी काय कमी केलं का तुला?"

वहिनीनं हातातली शेंग खाली ठेवली. मग सावकाश, स्पष्ट जर्मनमध्ये म्हणाली, "माझं मत वेगळं आहे. मला कमी पडलं. मी नर्स होते आणि मला ते काम आवडायचं. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. तुमची मुलगी थांबू शकली असती. थांबले मी. मला कुणी विचारलं नाही. ती शिकत बसली आणि मी तिचे कप उचलले."

लाज वाटते सांगायला, पण आधी मला आनंदच झाला. एकेक क्रियापद जागच्या जागी बसलं होतं. शिकवणारीला होतो तसा तो आनंद. अर्थ मागाहून पोचला. लेकी बोले सुने लागे, म्हणतात. इथे बोलणं सासूला होतं आणि लागलं नणंदेला.

"काय म्हणली गं?" आईनं विचारलं.

भाषांतराच्या तासाला आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नाही, समोरच्याचं काही गाळायचं नाही. मी म्हणाले, "म्हणाली, मला इथं काही कमी पडलं नाही."

"मला म्हाईत व्हतं," आई म्हणाली. तिचा चेहरा खुलला. वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

त्या संध्याकाळी परत जाताना एसटीत मी स्वतःला बजावत होते, घरात भांडण नको म्हणून मी तसं सांगितलं. आईचं वय झालंय, तिला लागलं असतं. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आईनं विचारलं त्या क्षणी माझ्या डोक्यात भांडण आलंच नव्हतं. डोक्यात आलं ते एवढंच: हे घरात कळलं तर वहिनीला अडवणं अवघड होईल, ती जाईल, आणि मग आई मला घरी बोलावेल. ज्या जागेवर वहिनी बसली होती, तिथे मला बसावं लागेल. आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणतात ना. मी शिकवायला उदार होते ते माझी जागा सुरक्षित होती तोवर.

पुढच्या शनिवारी मी माझा कप स्वतः धुवायला घेतला. वहिनी म्हणाली, "राहू द्या ताई, आत्या बघतील." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि विसळून ठेवला. त्या दुपारचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. शिकवणी मात्र चालू राहिली. उलट मी जास्तच मन लावून शिकवलं. माफी मागता येत नसली की माणूस असं काहीतरी करतं.

वहिनी पास झाली. तोंडीतसुद्धा. समोरचा उमेदवार वयानं मोठा होता, त्याला तिनं अजिबात सोडलं नाही, असं तिनंच हसून सांगितलं. नोकरीचं पत्रही आलं. मग एका रविवारी घरात बैठक बसली. वहिनीचे वडील घोडेगावहून आले होते. माझे आईवडील, भाऊ, आणि भिंतीला टेकून मी. वहिनी आतल्या दारात उभी होती.

तिच्या वडिलांनी सावधपणे सुरुवात केली. पोरीची इच्छा हाय, जावयांची ना नाय, तुमी ठरवाल तसं. आईनं त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. "इच्छा कसली, पावणं? लोकांचं बघून खूळ भरलंय डोक्यात. तिच्याच तोंडानं म्हणलीय ती, मला हितं काय कमी पडलं नाय म्हणून. जर्मनमधी म्हणली. ह्या पोरीनं मला मराठीत सांगितलं. ईचारा तिला."

सगळे माझ्याकडे वळले. "खरंय का गं?" भावानं विचारलं.

वहिनीच्या वडिलांचा चेहरा पडला होता. मुलगीच तसं म्हणाली असेल तर आपण कशाला आलो, असं त्यांना वाटत असावं. वहिनी माझ्याकडे बघतही नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "ती तसं म्हणाली नव्हती."

"मग काय म्हणली व्हती?" आई म्हणाली.

मी सांगायला लागले. 'ती म्हणाली' असं नाही. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्याच तोंडानं बोलायचं असतं. "मला कमी पडलं. मी नर्स होते आणि मला ते काम आवडायचं. मला कुणी विचारलं नाही." नणंदेचं आलं तेही मी गाळलं नाही. कपांसकट सगळं सांगितलं. ऐकून भाऊ जमिनीकडे बघत बसला. वडील उठून बाहेर गेले, मोटर बघून येतो म्हणाले. लाईट नव्हती तेव्हा.

मग वहिनीचे वडील हळूच म्हणाले, "जाऊ द्या तिला." आणि आईनं, आढ्याकडे बघत का होईना, मान हलवली. वहिनीनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

तेवढ्यावर सुटले असते. पण आई माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. "आन् मग त्या दिशी तू मला दुसरंच का सांगितलं?"

उत्तर मला पाठ होतं. एसटीत किती वेळा म्हणून झालं होतं. मी तोंड उघडलं आणि वहिनीकडे पाहिलं.

"आत्या," वहिनी दारातून म्हणाली, "तवा माझंच जर्मन लई कच्चं व्हतं. ताईंना नीट कळलं नसंल."

आई माझ्याकडेच बघत होती. "हो," मी म्हणाले. "तेव्हा कच्चंच होतं तिचं."