डबा रिकामा जात नाही

स्नेहलतागंजातल्या सुहासिनीबाई पुराणिकांना माणूस बघताक्षणी कळतो, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवण्याचं काम मुख्यतः त्यांनी स्वतःच केलं होतं. कोण खरंच अडचणीत आहे, कोण नुसतं रडगाणं गातंय, कोणाकडे पाहुणे आलेत आणि कोण पाहुण्यांचं निमित्त करून वाटीभर साखर मागतंय, हे त्या दारात उभ्या उभ्या सांगायच्या. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं, हे कबूल केलं पाहिजे. निघालं नाही, तेव्हाची ही गोष्ट आहे.

बाई मूळच्या देवासच्या. लग्न होऊन इंदूरला आल्या त्या पुराणिकांच्या घरात, आणि थोड्याच दिवसांत ते घर त्यांचं झालं. पुराणिक रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. घरातलं बोलायचं खातं बायकोकडे सोपवून ते निवांत झाले होते. बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण हात सढळ. दारी आलेला माणूस आधी बोलणी खायचा आणि मग जेवायचा. येणाऱ्यांना हा क्रम ठाऊक झाला होता, त्यामुळे बोलणी कुणी फार मनावर घ्यायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशीपुऱ्याजवळच्या कापड मिलला टाळं लागलं. मिलमधले लोक आधी म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत उघडेल. मग म्हणाले, दिवाळीनंतर नक्की. मग म्हणेनासे झाले. बाजारात तेव्हा रंगीत टीव्ही आणि रोज नव्या नावाचे साबण येत होते, दुकानदार म्हणत होते की आता देश पुढे निघाला. आणि परदेशीपुऱ्यातल्या मिल कामगारांच्या चाळींतून आधी बायकांच्या हातातल्या बांगड्या गेल्या, मग तांब्याचे हंडे गेले, मग सायकली.

त्या वर्षी गणपतीच्या बैठकीत सुहासिनीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लाउडस्पीकर एक कमी लावा. गणपतीला कमी ऐकू येत नाही. प्रत्येक घरानं महिन्याला थोडं धान्य द्या." बाईंशी वाद घालण्यापेक्षा गहू देणं सोपं होतं. लोकांनी दिलं. कुणाच्या सांवेरच्या नातेवाइकांनी पोतं पाठवलं, कुणाच्या ओळखीनं हातोदच्या मंडीतून हरभरा आला. पुराणिकांच्या पुढच्या खोलीतली खाट निघाली आणि तिथे पोती रचली गेली. लोक तिला कोठी म्हणायला लागले.

कोठीत एक गोष्ट बाईंनी फार शहाणपणाची केली. त्यांनी रांग लावू दिली नाही. "मिलमध्ये मान वर करून गेलेली माणसं माझ्या दारात पिशवी घेऊन उभी राहणार नाहीत," त्या म्हणाल्या. वनस्पती तुपाचे मोठे पत्र्याचे डबे त्यांनी जमवले. त्यात दळलेलं पीठ, वर डाळीची पुडी. पांडुरंग नावाचा, त्याच मिलमधून घरी बसलेला माणूस ते सायकलला अडकवून घरोघर द्यायचा आणि पुढच्या महिन्यात मोकळा डबा घेऊन भरलेला ठेवायचा. चाळीत पत्र्याचा डबा हातात दिसला की लोकांना वाटतं, चक्कीवरून दळण आलं. कोणाला काही कळायचं नाही.

पण डबा परत द्यायचा म्हटलं की आपल्या माणसांची पंचाईत होते. शेजारणीचं भांडंसुद्धा आपण रिकामं परत देत नाही, मग भरून आलेला डबा रिकामा कसा द्यायचा? त्यामुळे कोठीचे डबे परत यायचे ते तळाशी काहीतरी घेऊन. चिमूटभर साखर, एखादं लिंबू, अंगणातली दोन जास्वंदीची फुलं. बाई ती फुलं देवाला वाहायच्या आणि खूश व्हायच्या.

या डब्यांत एक डबा जयसिंगराव मोहित्यांचा होता. जयसिंगराव मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर. त्यांच्या हाताखाली पन्नासेक माणसं राबायची. मिल बंद झाल्यावरही ते इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी बाहेर पडायचे. कुठे जायचे ते विचारायची सोय नव्हती. बायको मंजिरी, आणि अकरावीत शिकणारी मुलगी कस्तुरी.

मोहित्यांच्या डब्यात कधी गुळाचा खडा असायचा, कधी शेंगदाणे. आणि कोठीच्या दुसऱ्या दिवाळीनंतर डबा आला तो तळभर बेसनाचे लाडू घेऊन. कोठीच्या बायका डाळ निवडायला बसल्या होत्या. झाकण उघडलं आणि खोलीभर तुपाचा वास सुटला. सुहासिनीबाईंनी एक लाडू फोडून तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"साजूक तूप आहे," त्या म्हणाल्या. "मी माझ्या घरी अर्धं डालडा घातलं या वर्षी."

पद्मजा नावाची त्यांची जुनी मैत्रीण शेजारी बसली होती. ती म्हणाली, "सुहासिनीताई, सण आहे. डबा रिकामा कसा पाठवतील?"

"रिकामा नको, पण साखर घालता येते ना? ज्याच्या घरी साजूक तुपाचे लाडू वळतात, त्याला आपल्या पिठाची काय गरज? आणि ते इस्त्रीचे शर्ट बघितलेस? मी माणूस ओळखते, पद्मजा." असं म्हणून बाईंनी दुसरा लाडू घेतला. पांडुरंगानं भरलेला डबा तिकडे ठेवून झाला होता, तो शेवटचा. पुढच्या महिन्यापासून मोहिते बंद. लाडू मात्र बायकांनी चहाबरोबर संपवले. फार छान झाले होते.

थंडी गेली, होळी झाली, उन्हं तापायला लागली. एक दिवस डबे मोजताना बाईंच्या लक्षात आलं की एक कमी आहे.

"पांडुरंग, मोहित्यांकडचा डबा आणला नाहीस?"

पांडुरंग सायकलची चेन बसवत होता. त्यानं वर बघितलं नाही. "दोनदा गेलो काकू. वहिनी म्हणतात, अभी रुक जाओ भिया, पुढच्या हप्त्यात घेऊन जा."

"का? एवढा काय जीव जडलाय डब्यावर?"

"त्यात टाकायला काही नाहीये त्यांच्याकडे," पांडुरंग म्हणाला. "खाली डबा द्यायचा नाहीये."

बाई हसल्या. "साजूक तुपाचे लाडू देणारी माणसं ती!"

तेव्हा पांडुरंग हात पुसत उठला. "काकू, ते लाडू तुमच्याच डाळीचे होते ना. दिवाळीला आपण चण्याची डाळ जास्त दिली होती. मी चक्कीवर होतो, वहिनी ती सगळी डाळ दळायला घेऊन आल्या. ज्या घरी स्वयंपाकाला जातात, तिथं दिवाळीचं म्हणून कटोराभर तूप मिळालं होतं. म्हणाल्या, कोठीचं इतके महिने खाल्लं, सणाला तरी ढंगाचं काही जायला पाहिजे. त्या महिन्यात त्यांच्याकडे डाळ शिजलीच नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी सांगणार होतो. मगर तुम्ही विचारलंच नाही, डायरेक्ट बंद केलात."

बाई काही बोलल्या नाहीत. हे इतकं अघटित होतं की आत बसलेले पुराणिक उठून बाहेर येऊन बघून गेले. बाईंना आठवत होता तो लाडू. एक नाही, त्यांनी तीन खाल्ले होते. एका घराची महिन्याची डाळ त्यांनी चहाबरोबर खाल्ली होती, वर त्या घराला माजलेलं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा भरला. पीठ दाबून दाबून भरलं, डाळ दोन प्रकारची ठेवली, आणि पांडुरंगाला न देता स्वतः रिक्षानं परदेशीपुऱ्यात गेल्या. वाटेत वाक्य ठरवत होत्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे एकही वाक्य नीट जुळेना.

दार जयसिंगरावांनी उघडलं. तोच इस्त्रीचा शर्ट होता, पण आता कॉलर उलटून शिवलेली बाईंना दिसली. आधीही तशीच असणार. दारातून माणूस ओळखणाऱ्या बाईंना कॉलर दिसली नव्हती.

"या या, वहिनी! मंजिरी कामावर गेली. बसा ना."

बाईंनी डबा पुढे केला. जयसिंगरावांनी तो घेतला, पण आधी त्यांच्या तोंडावर आनंद आला नाही, काळजी आली. "तुमचा आधीचा डबा आमच्याकडंच आहे," ते म्हणाले. "एक मिनिट थांबा, तो घेऊनच जा," आणि पडद्यामागे स्वयंपाकाच्या जागेत गेले.

बाई बाहेर बसून ऐकत राहिल्या. आत एका डब्याचं झाकण उघडलं आणि लागलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग फळीवरून आणखी एक डबा ओढल्याचा आवाज, आणि पुन्हा झाकण.

"राहू द्या हो जयसिंगराव," बाई म्हणाल्या.

"नाही नाही, असं कसं?" आतून उत्तर आलं. "मिळालं, मिळालं."

उठून निघून जावं असं बाईंना वाटलं. पण तसं गेलं तर त्या माणसाचा आणखी अपमान होईल, म्हणून त्या बसून राहिल्या. जयसिंगराव आधीचा डबा घेऊन आले. तळाशी शेवेचा चुरा होता, ओंजळभर.

"कस्तुरीच्या कारखान्यातला," ते म्हणाले. "नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरते आता. तुटलेली शेव वर्करलोकांना देतात. टेस्टला एकदम मस्त आहे."

"आणि शाळा?"

"शाळा सोडवली. जानेवारीत. पीठ-डाळ कोठीतून येत होतं तोपर्यंत बाकीचं आम्ही कसंही जमवत होतो." मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी घाईघाईनं म्हटलं, "तुमचा काही दोष नाही वहिनी. मंजिरी म्हणाली, आपल्यापेक्षा कुणी जास्त अडचणीत असेल, म्हणून कोठीनं आपला डबा तिकडे वळवला असेल. बरोबर आहे. आधी त्याला मिळालं पाहिजे."

बाईंनी मान डोलावली. हो म्हणाल्या. उठल्या, डबा घेतला, चाळीचा जिना उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यात त्यांचे पाय थांबले. हे 'हो' घेऊन घरी गेलो तर ते जन्मभर आपल्याजवळ राहील, एवढं त्यांना कळलं. त्या परत वर चढल्या.

"जयसिंगराव, दुसऱ्या कुणासाठी नाही थांबवला डबा. मी लाडू बघितले. म्हटलं, यांच्या घरी साजूक तूप आहे, यांना काय गरज. कुणाला विचारलं नाही. मी थांबवला."

जयसिंगराव दाराची चौकट धरून उभे राहिले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. बाई त्याच तयारीनं वर आल्या होत्या. पण ते बोलले तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"वहिनी, हे मंजिरीला सांगू नका."

"का? मला तिची माफी मागायची आहे."

"लाडू तिनं केले होते," जयसिंगराव म्हणाले. "मी नको म्हणत होतो. तिला कळलं, तर 'पोरीची शाळा माझ्या लाडवांमुळं सुटली', असं ती धरून बसेल. आत्ता ती नीट झोपते."

त्यानंतर कोठीचे डबे बंद झाले. बाईंनी जुन्या चादरी फाडून पिशव्या शिवल्या आणि पांडुरंगाला बजावलं, पिशवी परत आणायची नाही, मागायचीही नाही. मोहित्यांची पिशवी सगळ्यात आधी जायची. कस्तुरीला पुन्हा शाळेत घाला, फी-पुस्तकांचं मी बघते, असं बाई दोनदा जाऊन सांगून आल्या. पण कस्तुरीला आता स्वतःचा पगार होता आणि मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या होत्या. ती हसून "देखते हैं काकू" म्हणाली, आणि गेली नाही.

माणूस बघताक्षणी कळतो, हे बाई पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. बेसनाचे लाडू त्यांनी घरी करणं सोडलं. पुराणिकांना वाटलं, बायकोला शुगर झाली.

पिशवी परत द्यायची नसते, म्हणून मंजिरी आता दिवाळीला स्वतःच येते, हातात वाटी झाकून. तीत चार लाडू असतात. "तुम्हाला आवडले होते ना काकू त्या वर्षी? पांडुरंग भिया सांगत होते, सगळे संपले म्हणून," असं दर वर्षी म्हणते आणि समोर बसून राहते. सुहासिनीबाई एक लाडू घेतात, तिच्यासमोर पूर्ण खातात आणि छान झालेत म्हणून सांगतात. मग आत जाऊन तिची वाटी भरून आणतात.