कुलूपबंद पत्ते

विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या सोसायट्यांत शिरलं तेव्हा आमच्या तरसालीत रस्ते नुसते ओले होते. हीच गोष्ट मला त्या दिवसांत सारखी टोचत होती. दूध येत होतं, वीज जात-येत का होईना पण होती, आणि त्याच शहरात लोक गच्चीवर बसून चादरी हलवत होते. नवरा रिफायनरीत पाळीवर गेला तो तिकडेच अडकला होता. घरी मी आणि सासरे. माझा कारखाना मकरपुऱ्यात, तिथे मी उत्पादनाचं नियोजन बघते, म्हणजे दिवसभर शीटमध्ये आकडे भरायचे आणि दुसऱ्यांनी चुकीचे भरलेले शोधायचे. कारखाना बंद होता.

माझ्याच विभागातल्या एका गुजराती बेननी आदल्या दिवशी एक ऑनलाइन शीट उघडली होती. कोण अडकलंय, कुठे, फोन नंबर, किती माणसं, काय हवंय, आणि शेवटी मदत पोचली का. होड्या घेऊन फिरणारी मुलं, सावली तालुक्यातून ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी, सगळे फोनवर ती शीट बघून निघत. लिंक सगळ्यांना खुली होती, कारण ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला आधी परवानगी मागा असं कोण सांगणार? बेननी सकाळी मला फोन केला. "तुला यातलं कळतं. जरा लक्ष ठेव ना. माझ्याच्याने फोन आणि शीट दोन्ही होत नाही."

मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. शीटच्या वरच्या कोपऱ्यात अनोळखी लोकांची रंगीत चित्रं दिसत होती. ज्यांची ओळख नाही त्यांना ते सॉफ्टवेअर प्राण्यांची नावं देतं. कोल्हा, पाणघोडा, कासव, वटवाघूळ. इतकी माणसं एकाच पानावर एकाच वेळी लिहीत होती की ओळी डोळ्यांसमोर हलत होत्या. कोणी एका रकान्यात "प्लीज हेल्प" लिहून जाई, कोणी दुसऱ्याच्या ओळीवर आपली ओळ चढवी. मी ते नीट करत होते. कारखान्यात असं कोणी केलं तर मी त्याला माझ्या टेबलाशी बोलावलं असतं. इथे कोणाला बोलावणार?

दुपारी सावलीच्या एका ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. त्याला मी थोड्या वेळापूर्वी अकोटा भागातल्या एका घरी पाठवलं होतं. तिथे एक म्हातारी बाई ऑक्सिजनवर होती, वीज गेल्यामुळे मशीन बंद पडलं होतं आणि सिलिंडर संपत आलं होतं.

"बेन, अहीं तो कोई डोशीमा नथी," तो म्हणाला. इथे कोणी म्हातारी नाही. ज्या घरी तो पोचला होता तिथे एक तरुण जोडपं होतं, त्यांना बाळासाठी दुधाची पावडर हवी होती आणि म्हातारीबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मी त्याला थांबायला सांगितलं आणि ती ओळ पुन्हा बघितली. नाव बरोबर, फोन बरोबर, "ऑक्सिजन" बरोबर. पत्ता मात्र मला सकाळी वाचलेला आठवत होता तो नव्हता. मी शीट वर सरकवली, खाली सरकवली. पत्ते बाराखडीने लागले होते. संकटातली माणसं कधी बाराखडीने येत नाहीत. कोणीतरी, बहुतेक आपल्या भागातली घरं एकत्र दिसावीत म्हणून, फक्त पत्त्यांचा रकाना निवडून तो क्रमाने लावला होता. बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले होते. प्रत्येक नावापुढे आता दुसऱ्याच कोणाचा पत्ता होता.

म्हातारीच्या मुलाचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. बॅटरी संपली असणार.

शीटचा जुना इतिहास उघडायची सोय असते, आधीची प्रत बघता येते. मी ती उघडली. नेट मंद होतं. गोल चक्र फिरत राहिलं. फोन कानाला तसाच होता, पलीकडे ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं. मला वाटत होतं त्या माणसाने निदान रागवावं. सासरे खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. ते रेल्वेत गार्ड होते. गाडी उभी असताना गप्प उभं राहायची त्यांना सवय आहे. मला नव्हती.

जुनी प्रत उघडली. मी पत्ता वाचून दाखवला, त्याने तो मला परत म्हणून दाखवला, आणि फोन ठेवला.

पण ही एकच ओळ मार्गी लागली होती. बाकी सगळ्या होड्या चुकीच्या घरांकडे निघालेल्या असू शकत होत्या. जुनी प्रत परत आणायची तर रकाना हलल्यानंतर ज्यांनी नव्याने लिहिलं होतं त्यांच्या ओळी पुसल्या जाणार होत्या. आणि मी विचार करत असतानाही खाली नवी ओळ उमटत होती.

मी बेनना फोन करून सांगितलं की लिंक थोडा वेळ फक्त बघण्यापुरती करा, कोणालाच लिहिता येऊ देऊ नका. "लोक बुडतायत आणि आपण पान बंद करायचं?" असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्ता ते पान खोटं बोलतंय." त्यांनी बंद केलं.

नव्या ओळी दुसरीकडे उतरवायला गेले तर नेटने दगा दिला, काही चिकटेचना. सासऱ्यांनी आपणहून कॅलेंडरची मागची पानं फाडून घेतली आणि पेन काढलं. "तू वाच," ते म्हणाले. मी वाचत गेले आणि ते लिहीत गेले. हात थरथरतो म्हणून ते अक्षरं मोठी काढतात. पानं पुरेनात तेव्हा त्यांनी मागच्या वर्षीचं कॅलेंडरही फाडलं. मग मी जुनी प्रत परत आणली आणि त्यांनी लिहिलेली एकेक ओळ पुन्हा भरली. प्रत्येक फोन नंबर ते दोनदा वाचत होते. मध्ये मी एकदा वैतागले, तर म्हणाले, "तू चुकलीस तर वाट बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की कोण चुकलं."

त्यानंतर मी कुलुपं लावली. नाव, पत्ता, फोन, हे तिन्ही रकाने सुरक्षित केले. त्यात फक्त बेनना आणि मला लिहिता येईल. मदत पोचली का, हा रकाना होडीवाल्यांसाठी उघडा ठेवला. नव्या लोकांसाठी वेगळा फॉर्म जोडला, त्यातली ओळ आम्ही वाचून आत घ्यायची. बेननी लिंक पुन्हा खुली केली. आता कोणी त्या रकान्यांना हात लावला की समोर पाटी यायची, ही जागा बदलता येणार नाही. मला हायसं वाटलं. कारखान्यात मी नेहमी हेच करते, आणि तिथे सगळे हसतात.

हायसं वाटणं फार टिकलं नाही. मदतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागाचे संदेश यायला लागले. लॉक कोणी केलं, यांना काय अधिकार, घरात बसून साहेबगिरी. एकाने लिहिलं की हे राजकारण आहे. मी उत्तरं दिली नाहीत, ओळी आत घेत राहिले. म्हातारीच्या ओळीपुढचा रकाना अजून रिकामा होता.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास सुरतेहून एका माणसाचा फोन आला. माझा नंबर त्याने कोणाकोणाकडून मिळवला होता. त्याचे आईवडील तळमजल्यावर अडकले होते, त्याने सकाळीच त्यांची ओळ भरली होती. पाणी वाढलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना उचलून मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेलं. तो पत्ता बदलायला गेला तर शीट बदलू देईना. बेनचा फोन लागेना. तो ओरडला नाही. अगदी हळू, गुजरातीत, म्हणाला, "कुलूप तुम्ही लावलंत. आता माझी आई कुठे आहे ते लिहायचं कोणी?"

मी म्हटलं, मी लिहिते, सांगा. आणि लिहिता लिहिता बघितलं तर त्या ओळीपुढे होडीवाल्या मुलाने लिहून ठेवलं होतं, "निघालो". शेजारी त्याचा नंबर होता; सासऱ्यांच्या फोनवरून त्याला लावला. तो जुन्या घरापाशी पोचला होता. हाका मारून झाल्या होत्या, दारापर्यंत पाणी होतं, आतून आवाज नव्हता. अंधार पडायच्या आत त्यांना परतायचं होतं; त्या पाण्यात मगरी आहेत हे बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही. तो म्हणाला, आम्ही वळतच होतो.

मागची इमारत, मी म्हटलं, वरचा मजला. शेजाऱ्यांचं आडनाव सांगितलं. फोन कट झाला. मी त्याला पुन्हा लावला नाही, त्याचे हात वल्ह्यावर असतील म्हणून. सुरतेचा माणूस दुसऱ्या फोनवर तसाच होता. आम्ही दोघं एकाच ओळीकडे बघत होतो. सासऱ्यांनी चहा आणून ठेवला तो गार झाला.

मग त्या ओळीत कोणीतरी लिहायला लागलं. एक अक्षर, थांबलं, पुन्हा एक. "दोघांना घेतलं."

पलीकडे त्याने श्वास सोडल्याचा आवाज आला. मला वाटलं आता तो मला बोलणार, आणि त्याने बोलावं असंही वाटलं. त्याने विचारलं, "अशी अजून माणसं असतील ना, ज्यांनी जागा बदलली?"

असतील, नक्कीच असतील. मला ते सुचलंच नव्हतं. मी पत्त्याशेजारी एक नवा रकाना घातला, "आता दुसरीकडे असाल तर इथे लिहा", आणि तो सगळ्यांना उघडा ठेवला. जुना पत्ता कुलुपात, नवा त्याच्या बाजूला. सुरतेच्या माणसाला मी बेनना विचारून आत लिहायचा हक्क दिला. पाणी उतरेपर्यंत तो तिथून एकेका नंबरला फोन करून विचारत राहिला, तुम्ही अजून तिथेच आहात का.

म्हातारी वाचली. ट्रॅक्टरवाल्याने तिला खुर्चीसकट ट्रॉलीत चढवलं होतं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं होतं. त्याला रकान्यात लिहायचं माहीत नव्हतं, म्हणून तो रिकामा राहिला होता. हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाकडून कळलं.

पाणी ओसरलं, चिखल निघाला, कारखाना सुरू झाला. पुढे एका दुपारी काम करता करता माझ्या लक्षात आलं की ती शीट अजून तशीच आहे. बदल होणार नाहीत याची मी सगळी काळजी घेतली होती, पण बघायला ती अख्ख्या गावाला उघडी होती. कोणती बाई एकटी राहते, कोणाचं घर बंद आहे, कोणाच्या घरी फक्त म्हातारी माणसं आहेत, सगळं फोन नंबरासकट. मी उठून बेनच्या टेबलाशी गेले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि आम्ही दोघींनी मिळून ती पुसून टाकली.

थोड्या वेळाने सुरतेहून संदेश आला. शीट दिसत नाही, काही झालं का?

मी लिहिलं, काही झालं नाही, आम्हीच पुसली. जवळजवळ सगळे घरी पोचले आहेत.