काट्यावरचा माल

रोज सकाळी सहाला पाच मिनिटं असताना व्हर्ला हाइकेन्स कारखान्याचा वजनकाटा झाडायची. लांब दांड्याचा झाडू, पश्चिमेच्या टोकापासून सुरुवात आणि पूर्वेला शेवट; उलटं कधी नाही. झाडून झालं की बाहेरच्या पाटीवरचा लाल आकडा शून्यावर आला का ते बघायची आणि मग स्वतः काट्याच्या मध्यावर जाऊन उभी राहायची. ट्रक तोलायला केलेला काटा तो, वीस-वीस पौंडांच्या उड्या मारतो. बरीच वर्षं तो तिला एकशे साठ दाखवत असे. पुढे एकशे चाळीस. शेवटच्या सुगीत एकशे वीस दाखवायला लागला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काटा बरोबर आहे. मी तपासलाय."

आमच्या न्यू लेअर गावात मक्यापासून गाड्यांचं इंधन काढणारा इथेनॉल कारखाना उभा राहण्याआधी आमचा मका शंभर मैलांवरच्या नदीकाठी जायचा. तिथे मालवाहू होड्या भरणारी माणसं जो भाव बोलतील तो घ्यायचा आणि रिकामा ट्रक घेऊन परत यायचं, येताना रेडिओवर गाणी ऐकायची. आयोवाच्या या कोपऱ्यात तेव्हा तरुण माणूस दिसला की लोक विचारायचे, सुट्टीला आलास का? शाळेची बस एकच उरली होती. कारखाना काढायचं ठरलं त्या हिवाळ्यात व्हर्ला आणि तिचा शेजारी हार्म फ्रेरिक्स घरोघर शेअर विकत हिंडले. आमच्या आज्या-पणज्या जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरून आलेल्या, त्यामुळे आमच्या घरात कॉफीच्या मुलखातही चहा होतो आणि पाहुण्याला तीन कप प्यावे लागतात. तिसऱ्या कपाआधी कामाचा विषय काढणं उद्धटपणा. कपात चमचा उभा केला की समजायचं, पुरे, आता ओतू नका. त्या हिवाळ्यात दोघांनी एवढा चहा प्यायला, की हार्म म्हणायचा, या कारखान्याचा पाया काँक्रीटचा नाही, चहाच्या चोथ्याचा आहे.

स्वतःच्या शेअरसाठी व्हर्लाने वारलेल्या नवऱ्याची चाळीस गुरं विकली. कारखाना चालू झाल्यावर तिने संचालक मंडळात जागा मागितली नाही, काट्यावरची खुर्ची मागितली. "तिथे खरं काय ते कळतं," असं तिचं म्हणणं.

अठरा वर्षं ती त्या खुर्चीवर बसली. खोलीत एक हीटर, एक किटली, खडीसाखरेचा डबा आणि बाहेरच्या कर्ण्याला जोडलेला माईक. ट्रक काट्यावर चढला की वरून पोकळ सळई मक्यात उतरे, नमुना आत येई, व्हर्ला ओल बघे, कचरा बघे आणि कर्ण्यावरून एका सुरात सांगे: एकूण वजन इतकं, ओल इतकी, कचरा इतका, गाडी पुढे घ्या. ओला मका ती कुणाचाच घेत नसे. पाद्रीबाबांच्या भावाची गाडी तिने दोनदा परत पाठवली होती. आम्ही तिला मागून शिव्या देत होतो आणि आमचा मका सुकवून आणत होतो.

कारखान्याने आम्हाला श्रीमंत वगैरे केलं नाही. मका मात्र गावातच विकला जाऊ लागला. दारू काढून उरलेला चोथा गरम-गरम गुरांना जाऊ लागला. पन्नासेक माणसांना कायमची नोकरी लागली आणि शाळेची दुसरी बस आली. सकाळी वारा कारखान्याकडून असला की गावभर आंबलेल्या पिठाचा वास पसरतो. बाहेरचे नाक मुरडतात. व्हर्लाची शिकागोतली भाची एकदा म्हणाली, "मावशी, जग उपाशी आणि तुम्ही अन्न जाळता!" व्हर्लाने ओंजळभर मका तिच्या बशीत टाकला. "हा गुरांचा मका आहे. खाऊन दाखव. दात उरले तर पुढचं बोलू."

पण टीका करणाऱ्यांपेक्षा तिचा राग पाठिंबा देणाऱ्यांवर जास्त होता. टीका करणारे निदान लांब राहून करतात. पाठिंबा देणारे सुगीत येतात.

ते येतात दर चार वर्षांनी. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक पुढच्या वर्षावर आली, की इच्छुक मंडळी आधी आमच्या राज्यात उतरतात. आम्हाला सांगतात की तुम्ही या देशाचा कणा आहात. मग तीन वर्षं आमचं शरीरशास्त्र कुणाला आठवत नाही.

त्या वर्षीचे पाहुणे म्हणजे समुद्रकाठच्या राज्यातले एक इच्छुक होते. वसंतात त्यांनी स्वतःच्या गावी इथेनॉलला फालतू खर्च म्हटलं होतं; ऑक्टोबरात ते त्याला पाठिंबा जाहीर करायला आमच्याकडे यायचे होते. आदल्या दिवशी त्यांची माणसं जागा बघायला आली. मक्याच्या ढिगाजवळ धूळ, टाक्यांजवळ वाफांमुळे मनाई. मग त्यांना काटा दिसला. सपाट, स्वच्छ, आणि मागे पोलादी कोठारं.

कारखान्याचा मॅनेजर क्रेग वेसेल्स व्हर्लाच्या खोलीत आला. त्याला तिने चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.

"व्हर्ला, उद्या तुमचा काटा लागेल. दोन तास फक्त."

"कशाला?"

"व्यासपीठाला. फोटोत छान दिसतं. आणि जागा किती स्वच्छ आहे!"

"ती मी झाडते म्हणून. उद्या नाही झाडत."

"असं काय करता? आपल्या इथेनॉलला पाठिंबा द्यायला येतायत ते."

"देऊ दे की. त्याला काटा कशाला लागतो? किती दिला ते मोजायचंय का?"

क्रेग हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

"बाहेर सुगी चाललीय, क्रेग. येणाऱ्या गाड्यांना काटा एकच आहे."

"दोन तासांनी काय बिघडतं?"

"तुझं काही नाही बिघडत," व्हर्ला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नऊला काटा बंद झाला. त्यावर खुर्च्या, बोलायचं स्टँड, दोन झेंडे आणि गवताचे चार भारे मांडले गेले. गवत इथे कुणी पिकवत नाही. ते बाहेरून आणलं होतं, आम्ही शेतकरी आहोत हे आम्हाला समजावं म्हणून. पाहुणे दहाला यायचे होते. साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. ट्रकांची रांग फाटकाबाहेर जाऊन हमरस्त्याला लागली. रांगेत पहिला होता हार्म फ्रेरिक्स, जुना हिरवा ट्रॅक्टर आणि मागे दोन उघड्या ट्रॉल्या घेऊन.

हार्म एकोणऐंशीचा. मार्चपासून त्याची जमीन खंडाने जाणार होती, कागद झाले होते. त्या दोन ट्रॉल्या म्हणजे त्याचा शेवटचा मका. तो उतरला आणि गुडघा चोळत व्हर्लाच्या खिडकीशी आला.

"पश्चिमेकडे बघितलंस का?"

"माझी खिडकी पूर्वेला आहे."

"मग माझ्याकडून ऐक. काळं झालंय. तासाभरात येतो."

"ताडपत्री?"

"नातवाच्या लग्नात मांडवाला दिली होती. लग्न टिकलं, ताडपत्री नाही आली."

व्हर्ला हसली नाही. "मका कसा आहे?"

"ओल पंधरावर. तुझ्या देवाला चालेल असा. भिजला तर?"

"भिजला तर मी घेणार नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर विचारतोय," हार्म म्हणाला. "दुसरा काटा चाळीस मैलांवर. या गुडघ्याने आणि या ट्रॅक्टरने मी तिथे ख्रिसमसला पोचेन. आणि खरं सांगू, व्हर्ला, मला तिथे नाहीच जायचं. शेवटचा आहे. इथेच तोलायचाय."

"ट्रॅक्टर बंद करू नकोस," व्हर्ला म्हणाली.

पाऊण वाजता पाहुणे आले. अंगात नवा कोरा डेनिमचा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. सोबत त्यांची माणसं, आमच्या मंडळाचे सातही संचालक आणि क्रेग. सगळे काट्यावर चढले. बाहेरची लाल पाटी कुणी बंद केली नव्हती, आणि ती प्रेक्षकांना नीट दिसत होती. एकेक मान्यवर चढला, तसा आकडा उड्या मारत वर गेला. आमच्यात खसखस पिकली. पाहुण्यांना वाटलं, स्वागत आहे.

कुणीतरी त्यांच्या हातात मका दिला. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत दोन दाणे तोंडात टाकले आणि चावून पाहिले. पुढचं सगळं भाषण त्यांनी दाणे गालात धरून केलं.

"तुम्ही या देशाचा कणा आहात," ते म्हणाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवल्या, खोटं कशाला बोलू! चार वर्षांनी कणा झालो होतो.

पश्चिमेकडून थंड वारा सुटला. झेंडे फडफडले. हार्म ट्रॅक्टरवर बसून एकदा आभाळाकडे, एकदा ट्रॉलीकडे बघत होता. त्याने अंगातला कोट काढून पहिल्या ट्रॉलीवरच्या मक्यावर पसरला. तो केवढा, ट्रॉली केवढी! त्याच्या मागच्या ट्रकवाल्यांनी ते बघितलं आणि मान वळवली.

"इथे उभं राहिल्यावर," पाहुणे म्हणाले, "मला तुमच्या कष्टांचं वजन जाणवतं."

खिडकीतून व्हर्ला दिसत होती. तिच्यासमोर चहा होता. तिने कप उचलला, संपवला, खाली ठेवला आणि कपात चमचा उभा केला. आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी ते पाहिलं. मग तिने माईकचं बटण दाबलं.

"काट्यावरचा माल," कर्णा बोलला. तोच रोजचा, सपाट आवाज. "एकूण वजन तीन हजार सहाशे वीस पौंड. मका, दोन दाणे. कचरा, बाकी सगळा. हा माल कारखाना घेत नाही. काटा मोकळा करा. पुढचा हार्म फ्रेरिक्स, दोन ट्रॉल्या."

 मग रांगेतल्या कुणीतरी हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने. मग हमरस्त्यापर्यंत सगळे ट्रक ओरडायला लागले. मंडळातल्या चौघांचे ट्रक त्या रांगेत होते. स्टीअरिंगवर त्यांचे मुलगे होते आणि तेही हॉर्न दाबत होते. पाहुण्यांची माणसं त्यांना घाईने गाडीत घेऊन गेली. जाताना पाहुण्यांनी हात हलवला आणि गालातले दाणे रुमालात थुंकले. गवताचे भारे हलवायला कुणी थांबलं नाही. ते व्हर्लाने बाहेर येऊन ढकलले, एकटीने. मग आम्हाला लाज वाटली आणि आम्ही खुर्च्या उचलल्या.

हार्म काट्यावर आला. सळई उतरली, नमुना आत गेला.

"ओल पंधरा," कर्णा म्हणाला. "कचरा एक. मक्यावर एक कोट आहे, तो काढून घे. गाडी पुढे."

दुसरी ट्रॉली आतल्या छपराखाली शिरली आणि पावसाचे पहिले थेंब काट्यावर पडले. मागच्या ट्रकांना ताडपत्र्या होत्या.

त्या संध्याकाळी क्रेगने तिला बोलावलं. मंडळाने ठरवलं होतं, तो म्हणाला, की सुगी संपेपर्यंत तुम्ही घरी थांबा. मग बघू.

"घरी काय करू?"

"आराम करा."

"तू ठरवलंस की मंडळाने?"

"मंडळाने. एकमताने."

"म्हणजे त्या चौघांनीसुद्धा," व्हर्ला म्हणाली आणि डब्यातली खडीसाखर पिशवीत ओतून घेतली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत लोना होती, ऑफिसातली, भली पोरगी. आम्ही काट्यावर चढलो, पावती घेतली, पुढे गेलो. क्रेगला कुणी काही विचारलं नाही. भाव बरा होता, मका शेतात उभा होता, भांडायला वेळ नव्हता. आमचे हॉर्न वाजतात, जीभ वाजत नाही. टीव्हीवर पाहुण्यांना त्या प्रसंगाबद्दल विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले की ग्रामीण माणसाची विनोदबुद्धी त्यांना फार आवडते. पुढच्याच महिन्यात ते शर्यतीतून बाहेर पडले आणि त्यांचा पाठिंबा कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. कारखाना चालू राहिला. वाफ रोज सकाळी तशीच वर जात राहिली, चोथा गुरांना जात राहिला, दोन्ही बस भरून शाळेत जात राहिल्या. हे सगळं ज्यांनी चहा पीत उभं केलं, त्यांतली एक घरी बसून खिडकीतून ती वाफ बघत होती. तिच्याकडे जाऊन तीन कप चहा पिण्याचं धाडस फक्त हार्मने केलं.

सुगी संपली. "मग बघू" म्हणणाऱ्यांनी बघितलं नाही.

डिसेंबरात, पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी, सहाच्या सुमारास लोनाने व्हर्लाला फोन केला. दुपारी हार्म तिच्या घरी पोचला तेव्हा व्हर्ला खुर्चीत होती, टेबलावरच्या कपात चमचा उभा होता आणि चहा गार झाला होता. डॉक्टर म्हणाले, सकाळीच केव्हातरी गेली असावी. त्या फोननंतर ती कुणाशी बोलली नाही.

लोनाने फोनवर विचारलं होतं, "व्हर्ला, काटा शून्यावर येत नाहीये. मेकॅनिकला बोलावू का?"

"काही बिघडलं नाहीये त्याचं," व्हर्ला म्हणाली. "आधी झाडून घे. पश्चिमेकडून सुरू कर."