बहात्तर टक्के सांबार

चेन्नईत, आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टर्समधले आमचे तंजावरी शेजारी कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही. बस वेळेवर यायची शक्यता तीस टक्के, माझ्या तमिळमध्ये सुधारणा चार टक्के! बायको सांबार पाठवते, तर डोळे मिटून चाखतात आणि निकाल देतात, "बहात्तर टक्के, अक्का. चिंच जास्ती."

उरलेले अठ्ठावीस कुठे गेले म्हणून ती दिवसभर धुसफुसते.

काल मी वैतागलोच. "फुकट खायचं आणि वर मार्क द्यायचे! मी छान म्हणतो ना, मग झालं."

वाटी माझ्या हातात देत ती म्हणाली, "मीठ विसरले होते, तेव्हाही तुम्ही छानच म्हणालात. जा, त्यांना विचारून या."