अकील कूलरवाल्याचा समुद्र

वरवट बकालच्या थांब्यावर उतरून अकीलचं दुकान विचारलं, तर सांगणारा आता उलट विचारतो, "कूलर पाह्यजे का मासोया पाहाच्या हायेत?"

मी दोन्हीसाठी जात नाही, बसायला जातो. सकाळचं दूध घातलं, शेळी चरायला सोडायची म्हणून घराबाहेर काढली, की माझे पाय त्याच्याच दुकानाकडे वळतात. शेळीलाही ती वाट पाठ झाली आहे. तिचं कारण पुढे येईल.

अकील तरुणपणी जेद्द्याला होता, एसीच्या कामावर. तिथल्या एका हॉटेलात भिंतीएवढी काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्राचे मासे. जेवणाच्या सुट्टीत सोबतचे लोक आडवे व्हायचे, हा डबा घेऊन त्या काचेपुढे जाऊन बसायचा. "काकाजी, तिथं बसलो का घरची आठवण नाई ये," असं त्यानं मला सांगितलं.

मी म्हटलं, "काऊन बे, एखादी मासोयी शाहजादीसारखी दिसे का?"

शाहजादी म्हणजे त्याची बायको. ती आत पत्र्याला रंग देत होती. तिथूनच म्हणाली, "दिसत असीन. पण ते उत्तर देत नसीन, म्हणून बरी वाटे."

तिकडून परत येऊन त्यानं कूलरचा धंदा मांडला. चांगला चालला. पोरगी फिजा लग्न होऊन अकोल्याला गेली आणि घर शांत झालं, तेव्हा यानं दुकानाच्या कोपऱ्यात काचेची टाकी आणून ठेवली. अकोल्याहून समुद्री मिठाची गोणी आणली, ते मीठ चांगल्या पाण्यात मोजून मिसळलं आणि नारंगी माशांची एक जोडी सोडली. अंगावर पांढरे पट्टे, चाल अशी की वरातीतले बँडवाले. मी सत्तरी ओलांडली, पण समुद्र पाहिला नव्हता. तो मला रत्नागिरीला जाऊन नाही, इथे कपाशीच्या मुलखात पाहायला मिळाला.

पण टाकीला शेवाळ धरलं. आधी काचेवर, मग दगडावर, मग सगळीकडे. अकील काच घासायचा, आठवड्यात पुन्हा हिरवी. मासे आहेत का गेले, हे डोळा लावून पाहावं लागे. वासही यायला लागला.

शाहजादीला नवऱ्याचा राग आला की ती त्याच्याशी बोलत नाही, मध्ये बसलेल्या माणसाशी बोलते. तेव्हा मध्ये मी होतो. "काकाजी, यायले सांगा, होळी झाली का गिऱ्हाईक येते. कूलर ठेवाले कोपरा लागते. अकोल्याचा मासेवाला जोडी न्याले तयार हाय. होळीपर्यंत काच साफ दिसली तर राहू द्या, नाई तर त्याले फोन करतो म्हणा."

अकील माझ्याकडे पाहून म्हणाला, "काकाजी, हाव म्हणा तिले."

हाव म्हटलं खरं, पण त्याचा चेहरा उतरला होता. नंतर दोन घास कमी जेवला म्हणे.

उपाय त्याला मोबाइलवर सापडला. गोष्ट साधी आहे. माशांची घाण पाण्यात विरघळते आणि त्यावर शेवाळ पोसतं. मग शेवाळाला टाकीबाहेर याहून चांगली जागा करून द्यायची. एक खरखरीत जाळी उभी टांगायची, तिच्यावरून टाकीचं पाणी सारखं वाहतं ठेवायचं, वरून जोरदार दिवा लावायचा. शेवाळ तिथे दाटतं, पाण्यातलं सगळं खाऊन टाकतं, आणि टाकीतलं शेवाळ उपाशी पडतं. जाळीवरचं अधूनमधून खरवडून फेकायचं.

व्हिडिओ संपायच्या आत अकील हसायला लागला. "काकाजी, हा तर कूलरच हाय. खाली पंप, वर नळी, मंधात जाळी."

आणि इथेच तो फसला, कारण त्यानं खरोखर कूलरच बनवला.

प्लास्टिकची बादली कापली, प्लास्टिकची जाळी लावली, माशांच्या टाकीचा छोटा पंप बसवला. वरच्या नळीला, हाताला सवय होती तशी, ओळीनं भोकं पाडली. दिवा लावला. काही दिवसांनी जाळीवर शेवाळाच्या रेघा दिसल्या, पण पाणी पडे तिथेच, मधली जाळी कोरडी. मग भोकंही बुजायला लागली.

माझा साडू निवृत्ती सोनाळ्याला असतो, संत्र्याचा बगीचा आहे. त्यानं पहिल्यांदा ठिबक बसवलं तेव्हा नळ्या अशाच बुजायच्या. हा गडी बायकोची सुई घेऊन झाडाझाडाखाली वाकायचा. लोकांना वाटे, मातीला इंजेक्शन देऊन राह्यला. ही गोष्ट मी अकीलला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काकाजी, सुई नाई, करवत आणा." भोकांच्या नळीऐवजी त्यानं नवी नळी घेतली आणि तिला लांबलचक एकच चीर पाडली. जाळी त्या चिरेत अडकवली. आता पाणी पडदा सोडल्यासारखं दोन्ही बाजूंनी उतरायला लागलं. जाळी गुळगुळीत वाटली म्हणून करवतीच्या पात्यानं घासून खरखरीत केली.

तरी शेवाळ धरेना. नुसता तपकिरी चिकटा यायचा आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा. एका सकाळी मी लवकर गेलो तेव्हा कारण कळलं. अकील ती जाळी नळाखाली धरून ब्रशनं चकचकीत धूत होता.

"हे काय करून राह्यला बे?"

"साफ ठेवतो काकाजी. कूलरची जाळी नाई का धूत."

"अरे, पेरलं ते रोज उकरून पाह्यशीन तर उगवीन काय? तण वाढवाचं हाय ना तुले? मग वाढू दे. माह्या वावरात तर न सांगता वाढते."

त्यानं ब्रश ठेवला. चिकटा राहिला, मग त्यावर हिरवं आलं, आणि जाळी गवत उगवल्यासारखी दिसायला लागली. अकील रोज तिच्यावरून बोट फिरवायचा. पण टाकी? टाकीही तितकीच हिरवी. दोन्हीकडे जोरात. त्यात एक मासा खाणं सोडून दगडाआड बसायला लागला. होळी जवळ आली. लाकडं गोळा करणारी पोरं दुकानावरून जायची, तेव्हा अकील त्यांच्याकडे पाहतही नसे.

एके दुपारी शाहजादी एका गिऱ्हाइकाला त्याचाच दुरुस्तीला आलेला जुना कूलर दाखवत होती. जाळीवर पांढरा थर चढून ती पापडासारखी कडक झाली होती. "बोअरचं पाणी टाकता ना? नका टाकू. पाणी उडून जाते अन् खार मांगं राह्यते," ती त्याला समजावत होती. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारट, डाळसुद्धा शिजू देत नाही.

त्याच वेळी अकील बोअरच्या पाण्याची बादली घेऊन आला आणि टाकीत ओतायला लागला. उन्हानं टाकीचं पाणी आटायचं, तेवढं तो रोज भरायचा.

शाहजादीनं ते पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "काकाजी, सांगा यायले. दुनियेले म्हणते बोअरचं टाकू नका, अन् सोताच्या मासोयायले काय पाजून राह्यले?"

"समुद्राचे मासे हायेत," अकील म्हणाला. "आपलं पाणी खारट. त्यायले घरच्यासारखं वाटीन म्हणून..."

बोलता बोलता तो थांबला. बादली खाली ठेवली. खारटपणा मोजायची नळी त्यानं पहिल्या दिवसानंतर हातातच घेतली नव्हती, ती शोधून काढली. पाण्यात धरली, तर खारटपणा हद्दीच्या कितीतरी वर. पाणी उडत होतं, मीठ मागे राहत होतं, वर हा आणखी खार घालत होता. आणि आमच्या बोअरमध्ये वावरातलं खतही उतरतं. शेवाळाला हा रोज खत घालत होता.

त्या दिवसापासून गावातल्या आरओचा जार आला. एकदम बदल केला तर मासे दगावतात, म्हणून थोडं खारं काढायचं, थोडं गोडं घालायचं. जार उचलायला शाहजादीच पुढे झाली.

होळीच्या सकाळी मी गेलो तेव्हा काच पूर्ण साफ नव्हती, खालच्या कोपऱ्यात हिरवट झाक होतीच. पण दगडाआडचा मासा बाहेर येऊन खात होता आणि टाकीपलीकडची भिंत दिसत होती. तेवढ्यात अकोल्याच्या मासेवाल्याचा फोन आला. अकीलनं तो शाहजादीपुढे धरला. तिनं टाकीकडे पाहिलं, मग फोनमध्ये म्हणाली, "नाही भाई, देना नहीं. घरके हो गये."

नवे कूलर आता बाहेर ताडपत्रीखाली असतात. त्यामुळे म्हणे विक्री वाढली, रस्त्यावरून दिसतात. जाळी खरवडायच्या दिवशी माझी शेळी दुकानापुढे आधीच हजर असते. समुद्राचं खारट शेवाळ तिला असं आवडतं की घरचा कडबा ती हुंगून सोडते. परवा शाहजादी नवऱ्यादेखत मला म्हणाली, "काकाजी, यायले इचारा, अजून एक जोडी आणता का म्हणा. टाकीत जागा हाय."

अकील माझ्याकडे न पाहता थेट तिलाच म्हणाला, "हाव."

मला तेवढ्यापुरतं काही काम उरलं नाही. मी शेळी घेऊन निघालो, पण ती काही येईना.